डुकराची पाठ नावाचं बेट आणि एक भाड्याचं जहाज : लिथुआनियाने रशियाचा गॅस कसा सोडला

युरोपच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा लगेच रणगाडे, नाटो, ट्रम्प, युक्रेन अशी सरकते आणि तिथेच अडकते. मला मात्र दरवेळी एक जहाज आठवतं. लिथुआनियाचं क्लायपेदा नावाचं बंदर आहे, बाल्टिक समुद्रावर, तिथल्या खाडीत एक छोटंसं बेट आहे कियाउलेस नुगारा, शब्दशः अर्थ 'डुकराची पाठ'. या डुकराच्या पाठीशेजारी २०१४ पासून जवळपास ३०० मीटर लांबीचं एक जहाज बांधून ठेवलंय, नाव इंडिपेंडन्स. ते कुठे जात नाही येत नाही, नुसतं उभं असतं, आणि त्यावरून त्या देशात दहा वर्षं भांडणं झाली, बिलं वाढली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये अख्खी युरोपियन युनियन 'रशियाचा गॅस बंद केला तर आपलं काय होईल' या काळजीत असताना या देशाने सांगून टाकलं की आम्ही बंद केलाय, कालपासून.

हे नेमकं कसं जमलं, कुठे जमलं नाही आणि पैसे कोणी भरले, ते जरा सविस्तर लिहितो. जमलं नाही तो भागही यात आहे, कारण इंटरनेटवर ही गोष्ट बहुतेकदा 'छोट्या देशाने रशियाला धडा शिकवला' अशा थाटात सांगतात आणि त्यातली अर्धी मजा घालवतात.

आधीची परिस्थिती

लिथुआनियाची लोकसंख्या जेमतेम २९ लाख, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडायची घोषणा पहिली यांनीच केली, ११ मार्च १९९०. मॉस्कोने काय केलं? लगेच सैन्य नाही पाठवलं. एप्रिलमध्ये तेल बंद केलं, गॅस अगदी थोडा ठेवला, आणि हे जवळपास अडीच महिने चाललं. पेट्रोलचं रेशनिंग, कारखाने बंद. सैनिक आणि रणगाडे त्यानंतर आले, जानेवारी १९९१ मध्ये, विल्निअसच्या टीव्ही टॉवरपाशी, १४ माणसं गेली. म्हणजे या लोकांच्या आठवणीत क्रम असा आहे की आधी नळ बंद होतो आणि मग रणगाडा येतो. त्यांच्याशी ऊर्जेबद्दल बोलताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो, नाहीतर ते उगाच घाबरट वाटतात. जर्मनीतल्या बऱ्याच लोकांना ते तसे वाटायचेही.

दुसरा अनुभव तेलाचा. माझेइकियाईला त्यांची मोठी रिफायनरी आहे. २००६ मध्ये ती पोलंडच्या ऑर्लेन कंपनीला विकायचं ठरलं, रशियन कंपन्यांना मिळाली नाही, आणि त्याच जुलैमध्ये रशियाहून तेल आणणाऱ्या द्रुझबा पाइपलाइनच्या रिफायनरीकडे येणाऱ्या फाट्यावर रशियाच्या हद्दीत 'गळती' झाली. ती गळती आजपर्यंत दुरुस्त झालेली नाही. द्रुझबा म्हणजे रशियन भाषेत मैत्री, हे वेगळं सांगायला नको. पण रिफायनरी बंद पडली नाही, कारण ब्युतिंगे नावाचं समुद्रावरचं तेल टर्मिनल १९९९ मध्येच तयार होतं, तिथून जहाजाने तेल यायला लागलं. समुद्राकडे दार असेल तर मागचं दार बंद केलं तरी आपण मरत नाही, हा धडा इथे मिळाला. फक्त गॅसला असं दार नव्हतं.

तिसरी गोष्ट विजेची. इग्नालिनाला चेर्नोबिलच्या जातीच्या दोन अणुभट्ट्या होत्या. युरोपियन युनियनमध्ये यायचं तर त्या बंद करा, ही अट होती. एक २००४ च्या शेवटच्या दिवशी बंद झाली, दुसरी २००९ च्या शेवटच्या दिवशी. देशाची बहुतांश वीज तिथून यायची, वीज बाहेर विकणारा देश एका रात्रीत विकत घेणारा झाला. वीज बनवायला आणि शहरं गरम ठेवायला आता गॅस जास्त लागणार, आणि गॅस येणार एकाच पाइपातून, बेलारूसमार्गे, एकाच कंपनीकडून, रशियाच्या सरकारी गाझप्रॉमकडून. बरं हीच गाझप्रॉम तिथल्या गॅस कंपनीची, लिएतुवोस दुयोसची, ३७ टक्क्यांची मालकीणही होती. थोडा मोठा हिस्सा जर्मनीच्या ई-ऑनकडे होता आणि सरकारकडे उरले होते १७-१८ टक्के. म्हणजे विकणाराही तोच, आणि ज्या पाइपातून माल येतो त्या पाइपातही तोच भागीदार. गावात वाण्याचं दुकान एकच आणि गावचा रस्ताही निम्मा वाण्याच्याच नावावर, असं काहीसं.

व्हायचं तेच झालं. लिथुआनियाला रशियाच्या जवळ असूनही गॅस जर्मनीपेक्षा महाग पडायचा. २०१२-१३ च्या सुमारास हजार घनमीटरला ५०० डॉलरच्या आसपास, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात महागड्या दरांपैकी एक. जर्मनीकडे पर्याय होते, नॉर्वे होतं, नेदरलँड्स होतं, म्हणून त्यांना सूट. यांच्याकडे कोणीच नव्हतं म्हणून यांना पूर्ण रेट. अडला हरी वगैरे.

निर्णय

आंद्रियस कुबिलियस यांचं सरकार होतं २००८ ते २०१२, आर्थिक मंदीचा काळ, पगारकपात, लोक वैतागलेले. त्या काळात त्यांनी एकाच वेळी तीन आघाड्या उघडल्या.

पहिली कायद्याची. युरोपियन युनियनचं 'तिसरं एनर्जी पॅकेज' २००९ मध्ये आलं, त्यात म्हटलं होतं की गॅस विकणारा आणि पाइपलाइनचा मालक एकच नको. याची अंमलबजावणी करायचे मवाळ मार्गही होते, बऱ्याच देशांनी ते घेतले. लिथुआनियाने सगळ्यात कडक घेतला, मालकीच वेगळी करा. गाझप्रॉम प्रचंड चिडली, लवादात गेली, पण शेवटी अॅम्बर ग्रिड नावाची वेगळी पाइपलाइन कंपनी निघाली आणि २०१४ मध्ये गाझप्रॉम आणि ई-ऑन दोघंही आपापले हिस्से विकून बाहेर पडले.

दुसरी आघाडी तक्रारीची. २०११ मध्ये युरोपियन कमिशनकडे, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाकडे, तक्रार केली की ही कंपनी मक्तेदारीचा गैरफायदा घेतेय. त्याच सप्टेंबरमध्ये अनेक देशांत गॅस कंपन्यांच्या ऑफिसांवर कमिशनच्या धाडी पडल्या, २०१५ मध्ये कमिशनने आरोपपत्र दिलं, त्यात लिथुआनियासह पाच देशांत अवाजवी दर लावल्याचा मुद्दा होता. आणि निकाल? २०१८ मध्ये, दंड शून्य, गाझप्रॉमने वागणूक सुधारायची बंधनकारक हमी दिली एवढंच. लिथुआनियाने स्वतः स्टॉकहोमच्या लवादात १.४ अब्ज युरोंचा दावा टाकला होता जास्तीच्या दरांबद्दल, तो २०१६ मध्ये चक्क फेटाळला गेला. हे मुद्दाम सांगतोय कारण कायद्याच्या वाटेने न्याय मिळाला असा समज होऊ नये. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

आणि तिसरी आघाडी म्हणजे जहाज.

जमिनीवर एलएनजीचं, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेल्या गॅसचं, टर्मिनल बांधायचं तर टाक्या उभ्या करा, पाच-सात वर्षं घालवा. त्याऐवजी तरंगतं टर्मिनल मिळतं, ज्याला त्या धंद्यात एफएसआरयू म्हणतात. मुळात ते एक एलएनजी टँकरच, पोटात उणे १६२ अंशाला द्रवरूप गॅस, सोबत तो गरम करून पुन्हा वायू करायची यंत्रणा. द्रवाचा वायू झाला की आकार सुमारे ६०० पट होतो, तो पाइपात ढकलायचा. नॉर्वेच्या होएग एलएनजी कंपनीशी मार्च २०१२ मध्ये करार झाला, दहा वर्षं भाड्याने, शेवटी विकत घ्यायची मुभा. दक्षिण कोरियात उल्सानला ह्युंदाईच्या शिपयार्डमध्ये जहाज बांधलं, पोटात १ लाख ७० हजार घनमीटर मावेल एवढं. (याच होएगचं एक एफएसआरयू एप्रिल २०२१ मध्ये आपल्या कोकणात जयगडलाही येऊन लागलं होतं, भारतातलं पहिलं म्हणून तेव्हा बातम्या आल्या होत्या, रत्नागिरीकडच्या मंडळींना आठवत असेल.)

इथे युरोपची एक गंमत सांगायलाच हवी. ब्रसेल्सचं, म्हणजे युरोपियन युनियनचं, म्हणणं होतं की तीन-चार छोटे देश आहात, सगळ्यांना मिळून एक टर्मिनल बांधा, त्याला आम्ही पैसे देऊ. झकास. पण ते कुठे बांधायचं? एस्टोनिया म्हणे आमच्याकडे, लात्विया म्हणे आमच्याकडे कारण जमिनीखालचा मोठा गॅससाठा इन्चुकाल्न्सला आहे, फिनलंड म्हणे आमच्याकडे. भावकीत विहीर कोणाच्या वावरात खणायची यावर जसा वाद चालतो तसा तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी लिथुआनियाने सांगितलं की तुमचं चालू द्या, आम्ही आमचं करतो. मग त्यांना ते मोठं अनुदान नाही मिळालं, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं ८.७ कोटी युरोंचं कर्ज मिळालं आणि कमिशनने २०१३ मध्ये सरकारी मदतीला परवानगी दिली. बाकी ओझं लिथुआनियाच्या गॅस ग्राहकांवर.

२०१२ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली, कुबिलियस हरले. त्याच दिवशी नव्या अणुप्रकल्पावर सल्लावजा जनमतही घेतलं होतं, त्यात ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हटलं आणि तो प्रकल्प पुढे बारगळला. मला या प्रकरणातला हा सगळ्यात नाजूक सांधा वाटतो. नवीन सरकार सोशल डेमोक्रॅट बुत्केविचियस यांचं, विरोधी पक्षाचं. आधीच्या लोकांचा महागडा प्रकल्प रद्द करायला याहून चांगली संधी कुठली, आणि त्यासाठी मॉस्कोने एक शब्द बोलायची गरज नव्हती, 'दर कमी करतो, मग कशाला पाहिजे जहाज' एवढी कुजबुज पुरली असती. पण अणुप्रकल्प गेला आणि जहाज राहिलं. इतकंच नाही, जहाजाचं काम बघणाऱ्या क्लायपेदोस नाफ्ता या सरकारी कंपनीचे प्रमुख रोकास मासियुलिस यांना २०१४ मध्ये याच सरकारने ऊर्जामंत्री केलं. अध्यक्ष दालिया ग्रिबाउस्कायटे पहिल्यापासून पाठीशी होत्याच.

जहाज येण्याआधीच दर उतरला

आता बघा कसं असतं. जहाज बंदरात आलं २७ ऑक्टोबर २०१४ ला, लोक किनाऱ्यावर झेंडे घेऊन उभे होते. पण गाझप्रॉमने दर सुमारे २० टक्क्यांनी कमी केला तो मे २०१४ मध्ये, तोही मागच्या तारखेपासून लागू करून. जहाज तेव्हा अजून यायचं होतं! त्यातून गॅसचा एक रेणू आला नव्हता. ज्या कंपनीशी अनेक वर्षं भांडून, लवादात जाऊन, कमिशनच्या धाडी पडून पैसा सुटला नव्हता, ती कंपनी कोरियात जहाज पूर्ण होतंय हे बघून सूट देती झाली. नव्या दुकानाचा नुसता बोर्ड लागला तरी जुना वाणी ओट्यावर येऊन 'या या, चहा घ्या' म्हणतो, तसं.

मात्र यातला पेच पण इथेच आहे. गाझप्रॉमचा गॅस स्वस्त झाला म्हणून बराच गॅस गाझप्रॉमचाच घेतला गेला, आणि जहाजाची बरीचशी क्षमता पहिली काही वर्षं वापराविना पडून राहिली. रोजचं भाडं लाखभर डॉलरच्या वर, चालू असो की नसो. वर आणखी एक तांत्रिक भानगड अशी की एफएसआरयू तुम्ही स्विच बंद करून ठेवू शकत नाही, टाक्या थंड ठेवायला सतत थोडा गॅस येत-जात राहावा लागतो. म्हणून नॉर्वेच्या स्टॅटऑइलशी (आताची एक्विनॉर) ऑगस्ट २०१४ मध्ये करार केला, वर्षाला ५४ कोटी घनमीटर, म्हणजे साधारण जहाज जिवंत ठेवण्यापुरता. हा गॅस महाग पडला तरी वीज आणि उष्णता बनवणाऱ्या कंपन्यांना तो घ्यायची सक्ती केली. आणि जहाजाच्या खर्चासाठी गॅस वापरणाऱ्या सगळ्यांच्या बिलात 'सुरक्षा अधिभार' नावाची वेगळी ओळ आली.

ही ओळ लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

सगळ्यात जास्त बोंब मारली अखेमाने. योनावा गावात त्यांचा खताचा प्रचंड कारखाना, नैसर्गिक गॅसपासून अमोनिया आणि त्यातून खत, एकटा कारखाना देशातल्या गॅसचा जवळपास निम्मा वापरायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आम्ही जगाच्या बाजारात खत विकतो, रशियातला खतवाला आमचा स्पर्धक आहे, त्याला गॅस कवडीमोल, आम्हाला आधीच महाग आणि वर तुमच्या जहाजाचं भाडं पण आम्हीच भरायचं? ते कोर्टात गेले, युरोपच्या कोर्टापर्यंत गेले. मला विचाराल तर त्यांची बाजू चुकीची अजिबात नव्हती. देशाच्या सुरक्षेचा फायदा सगळ्यांना आणि बिल वापराच्या प्रमाणात, म्हणजे ज्याचा वापर सर्वात मोठा त्याच्यावरच बोजा सर्वात मोठा. 'पांढरा हत्ती' ही टीका पेपरांमध्ये तेव्हा नेहमीची झाली होती.

त्याच काळात दुसरं एक शांतपणे घडत होतं ज्याचं श्रेय जहाजाच्या गोष्टीत कोणी देत नाही. तिकडे शहरात घरोघरी वेगळे हीटर नसतात, एक मोठा बॉयलर प्लांट आणि तिथून गरम पाण्याचे पाइप सगळ्या इमारतींना. हे प्लांट गॅसवर चालायचे. ते एकेक करून लाकडाच्या चिपांवर गेले, जंगलातला कचरा, फांद्या, भुसा. त्यासाठी बाल्टपूल नावाचं बायोमासचं एक्स्चेंज काढलं, म्हणजे लाकडी चिपांचा ऑनलाइन लिलाव, कोणता सप्लायर किती रुपयाला, सॉरी, किती युरोला देतोय ते सगळ्यांना दिसतं. काही वर्षांत बहुतेक उष्णता लाकडावर आली आणि देशाची गॅसची गरज ३३० कोटी घनमीटरच्या आसपास होती ती कितीतरी खाली आली. जहाज देशाला पुरेसं झालं याचं अर्धं कारण जहाज मोठं होतं हे नाही, गरज लहान झाली हे आहे. आणि हो, त्या चिपांतला बराच माल बेलारूसहून यायचा, तेही २०२२ नंतर थांबवावं लागलंच. एका दाराला कडी घातली की दुसरं दार वाजतं.

एप्रिल २०२२

२४ फेब्रुवारीला रशिया युक्रेनमध्ये घुसला. लिथुआनियाने २ एप्रिलला जाहीर केलं की महिन्याच्या सुरुवातीपासून आम्ही स्वतःच्या वापरासाठी रशियाचा गॅस घेत नाही. युरोपियन युनियनमधला पहिला देश. हिशोब साधा मांडला होता, महिन्याला एलएनजीची तीन मोठी जहाजं आली की सगळ्या ग्राहकांचं भागतं. मे महिन्यात पोलंडला जोडणारी ५०८ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली, त्याच महिन्यात रशियन तेल, वीज, गॅस सगळ्याची आयात थांबवल्याचं लिथुआनियाने जाहीर केलं. २७ एप्रिलला गाझप्रॉमने रूबलमध्ये पैसे न दिल्याबद्दल पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला, मे मध्ये फिनलंडचा. लिथुआनियाचा तोडायला काही उरलंच नव्हतं.

जर्मनीकडे बघा त्याच वेळी. २०२१ मध्ये त्यांच्या गॅसपैकी अर्ध्याहून जास्त रशियाचा, साधारण ५५ टक्के. रशियाहून समुद्राखालून थेट जर्मनीला येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमची पहिली लाइन २०११ मध्ये सुरू झाली, दुसरी २०२१ मध्ये बांधून पूर्ण. जर्मनीतला सगळ्यात मोठा भूमिगत गॅससाठा, रेडेनचा, तो गाझप्रॉमच्याच ताब्यात, आणि २०२१-२२ च्या हिवाळ्यात तो जवळजवळ रिकामा ठेवला होता, तेव्हा कोणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आणि एलएनजी टर्मिनल किती? शून्य. युरोपातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था, एवढा लांब समुद्रकिनारा, आणि एकही नाही, कारण पाइपचा गॅस स्वस्त पडत होता आणि टर्मिनलचा खर्च कोणत्याच एक्सेल शीटमध्ये बसत नव्हता.

मग १७ डिसेंबर २०२२ ला चॅन्सेलर शोल्त्स यांनी विल्हेल्म्सहाफेनला पहिल्या टर्मिनलचं उद्घाटन केलं, विक्रमी वेळात बांधलं म्हणून कौतुक झालं, आणि तिथे उभं असलेलं जहाज कोणतं? होएग एस्पेरांझा. त्याच नॉर्वेजियन कंपनीचं, त्याच जातीचं तरंगतं टर्मिनल. क्लायपेदातल्या लोकांनी तो फोटो बघून काय म्हटलं असेल याची कल्पना मी करू शकतो.

तर आता ती बिलातली ओळ. लिथुआनियातल्या माणसाला दर महिन्याला कळत होतं की सुरक्षेसाठी तो किती देतोय, तो कटकट करत होता, पेपरात लिहीत होता, त्यावर पक्ष भांडत होते. जर्मन माणसाला स्वस्त गॅस मिळत होता आणि त्यातली जोखीम कुठल्याच बिलावर छापलेली नव्हती. ती छापून आली २०२२ मध्ये, एकदम. युनिपर ही त्यांची सर्वात मोठी गॅस आयातदार कंपनी बुडायला आली, सरकारला तिची सुमारे ९९ टक्के मालकी घ्यावी लागली. लोकांना आणि उद्योगांना दिलासा द्यायला २०० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद जाहीर करावी लागली. जहाजाचं भाडं त्यापुढे किरकोळ, देशांच्या आकारातला फरक धरला तरी.

लोकशाहीची मजबुती वगैरे मोठे शब्द वापरतात त्याचा अर्थ मला या ओळीत दिसतो. लपवलेला खर्च कोणालाच नको असतो असं नाही, तो सगळ्यांना हवाच असतो, म्हणून तर तो लपतो. उघडा खर्च लावून निवडणूक हरणं, आणि पुढच्याने येऊन तो तसाच चालू ठेवणं, हे कठीण आहे. तिथे एवढं जमलं त्याला १९९० ची आठवण कारणीभूत आहे असं मला वाटतं. अशी आठवण नसलेल्या देशात ती ओळ पहिल्याच निवडणुकीत खोडली गेली असती.

जे जमलं नाही

जहाजाने गॅस स्वस्त केला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपच्या बाजारात गॅस मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला, आणि लिथुआनियाला त्याच बाजारातून घ्यायचा होता. त्या वर्षी लिथुआनिया, लात्विया, एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांत महागाई २० टक्क्यांवर गेली होती, युरो वापरणाऱ्या देशांत सगळ्यात वाईट. सप्टेंबरमध्ये अखेमाने अमोनिया बनवणं थांबवलं. जी कंपनी दहा वर्षं ओरडत होती की आम्ही स्पर्धेत टिकणार नाही, ती खरंच थांबली, फक्त त्याचं कारण जहाजाचं भाडं नव्हतं, गॅसचा दर होता. ज्याला पर्याय मिळाला त्याला स्वस्ताई मिळेलच असं नाही. युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी प्रमुख मारियो द्रागी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात हेच मोठ्या पटावर मांडलं, युरोपातल्या कंपन्यांना गॅस अमेरिकेपेक्षा चार-पाच पट महाग पडतो आणि वीज दोन-तीन पट. आता या दरात खत, काच, स्टील, केमिकल्स कसं बनवणार हा प्रश्न कुठल्याही जहाजाने सुटत नाही.

दुसरं म्हणजे नवा पुरवठादार. अमेरिकेचा पहिला एलएनजी टँकर क्लायपेदाला आला ऑगस्ट २०१७ मध्ये, तेव्हा मोठा समारंभ. २०२२ नंतर तर मालाचा मोठा वाटा अमेरिकेचाच. जहाजाला कोणत्या देशाचा गॅस आहे याने फरक पडत नाही, कोणाचाही उतरवता येतो, पाइपापेक्षा हा मोठा फायदा आहेच. पण युरोपभर बघितलं तर एका मोठ्या दुकानातून उठून दुसऱ्या मोठ्या दुकानात बसल्यासारखं झालंय, आणि त्या दुकानाचा मालकही हल्ली मूडमध्ये असतो नसतो. आणि फ्रान्स, स्पेन, बेल्जियमच्या बंदरांत रशियाचा एलएनजी २०२२ नंतरही वर्षानुवर्षं उतरत राहिला, तो वेगळाच.

वायरींचं प्रकरण

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण तो याच गोष्टीचा दुसरा भाग. गॅस सुटला तरी तिन्ही बाल्टिक देशांची ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, रशिया-बेलारूसच्या ग्रिडला जोडलेली होती, ब्रेल नावाच्या २००१ च्या करारानुसार. ग्रिड एक असली की सगळीकडे विजेचा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळांचा, ठोका एकच पडतो, आणि तो ठोका सांभाळायचा कंट्रोल मॉस्कोत. एस्टोनिया, लात्विया, लिथुआनिया नाटोत आणि युरोमध्ये, पण नाडी मॉस्कोच्या हातात. ती सोडवायची तर पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडला जोडायचं, स्वीडन आणि फिनलंडकडे समुद्राखालून केबल टाकायच्या, आणि ठोका स्थिर ठेवायला सिंक्रोनस कंडेन्सर नावाची भलीमोठी फिरती यंत्रं बसवायची. खर्च सुमारे १.६ अब्ज युरो, त्यातले तीन चतुर्थांश युरोपियन युनियनने दिले. जहाजाच्या वेळी भावकीचं भांडण झालं होतं, या वेळी तिघं एकत्र राहिले आणि पैसा आला, हा फरक नोंदवण्यासारखा आहे.

केबलांनाही त्रास झालाच. स्वीडनची केबल टाकताना २०१५ मध्ये रशियन युद्धनौका कामात आडव्या येत होत्या, लिथुआनियाने राजदूताला बोलावून जाब विचारला. आणि जोडणीला सहा आठवडे उरले असताना, २५ डिसेंबर २०२४ ला, फिनलंड-एस्टोनियामधली एस्टलिंक २ केबल तुटली. ईगल एस नावाचा तेलाचा टँकर नांगर फरफटत गेला असा संशय, फिनलंडने जहाज ताब्यात घेतलं. तारीख मात्र पुढे ढकलली नाही. ८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी तिन्ही देशांनी रशियाच्या लाइन सोडल्या, एक दिवसभर आपल्याच जिवावर बेटासारखे चालले, आणि ९ तारखेला दुपारी युरोपला जोडले गेले. विल्निअसमध्ये लिथुआनियाचे अध्यक्ष नाउसेदा आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांच्यासमोर काउंटडाउन चालू होतं. सामान्य माणसाच्या घरात दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, इंडिपेंडन्स भाड्याचं राहिलं नाही, लिथुआनियाने करारातली मुभा वापरून ते विकत घेतलं, सुमारे १५ कोटी डॉलरला. कुबिलियस त्याच महिन्यात युरोपियन युनियनचे पहिले संरक्षण आयुक्त झाले. आणि ज्या जर्मनीला हे लोक घाबरट वाटायचे, त्या जर्मनीने २०२५ मध्ये आपली एक अख्खी ब्रिगेड लिथुआनियात कायमची ठेवायला सुरुवात केली.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. कॅलिनिनग्राड हा रशियाचा तुकडा लिथुआनियाच्या पलीकडे, बाकीच्या रशियापासून तुटलेला, त्याला गॅस जातो तो लिथुआनियातूनच. २०१९ च्या जानेवारीत पुतिन यांनी तिथे जाऊन एका नव्या टर्मिनलचं उद्घाटन केलं, उद्या लिथुआनियाने अडवलं तर हातचा पर्याय असावा म्हणून. ते टर्मिनलही तरंगतंच, मार्शल वासिलेव्हस्की नावाचं एफएसआरयू, होएगच्या इंडिपेंडन्ससारखंच ह्युंदाईने कोरियात बांधलेलं. बहुतेक वेळ ते काही न करता उभं असतं, आणि २०२२ नंतरही कॅलिनिनग्राडचा गॅस लिथुआनियाच्या पाइपातून जातच राहिला.